डोंगरातल्या माणसांची न्याहारी

खव्याची कढई डोक्यावर पालथी घेऊन सिंधुबाई दूध संस्थेच्या पायऱ्या उतरली, तेव्हा सचिव बद्रीनाथ मागून ओरडत होता. आज कुणाचंच ऐकायचं नाही, हे तिनं घरून निघतानाच ठरवलं होतं.

"अवं सिंधुबाई, संस्थेची मालमत्ता हाय ती! ठराव लागतो, ठराव!"

"मग करा की ठराव. तवर मी अंडी शिजवून घेते."

"संचालक मंडळाची बैठक लावावी लागंल!"

"कढईतच लावा म्हणावं. मावतेत समदे."

संस्था आता नावालाच उरली होती. दोन वर्षं धड पाऊस नाही, गावची गुरं छावणीत, मग दूध यायचं कुठून? खव्याची भट्टी विझली होती आणि कढईत कोळ्यांनी संसार मांडला होता. संस्थेकडं एकच काम राहिलं होतं, टँकरच्या रांगेचं. दुधाला ज्याचा जो सभासद नंबर, तोच पाण्याला. गेल्या उन्हाळ्यात पुरुषांनी रांगेत एकमेकांची डोकी फोडली, तेव्हापासून संस्थेनं ठरवून टाकलं की रांगेत घरातल्या बाईनंच उभं राहायचं. नंबर पुकारला आणि बाई जागेवर नसली, की तिची पाळी सगळ्यांच्या शेवटी. शेवटी जे मिळायचं त्याला पाणी म्हणायचं की गाळ, हे ज्याचं त्यानं ठरवावं. आज टँकर येणार नाही असं बद्रीनाथनंच सांगितलं होतं, म्हणून तर सिंधुबाईला कढईमागं पळायला सवड झाली.

ही सगळी यातायात एका पोरीच्या न्याहारीसाठी होती.

पोरगी म्हणजे विशाखा, दहा वर्षांची, एकुलती एक. सिंधुबाई आणि तिचा नवरा जालिंदर दिवाळी झाली की ऊसतोडीला कारखान्यावर जायचे, ते पाडव्याच्या आगंमागं परतायचे. तेवढे महिने विशाखा नेकनूरच्या वसतिगृहात राहायची, आणि रविवारी तिथल्याच आत्याच्या घरी. आत्या म्हणजे जालिंदरची थोरली बहीण जाईबाई. नवऱ्याला पगार, दारात नळ, पोटी लेकरू नाही. तोडणी संपली, वसतिगृह बंद झालं, म्हणून काल जाईबाई पोरीला घेऊन आली. उंबऱ्यात उभं राहून पोरीनं आईला विचारलं, "तुमी कवा आलात?"

तुमी! वसतिगृहाच्या मॅडमला म्हणावं तसं. दुखलं की सिंधुबाईला जे नेहमी व्हायचं तेच झालं. तिला राग आला.

जेवताना जाईबाईनं विषय काढला. बाई वाईट नव्हती, हेच तर अवघड होतं. "सिंधू, राग धरू नको. पण हिला आता माज्याकडंच कायमची राहू दे. हितं प्यायला पाणी न्हाई, तुमी वर्साचं अर्धं घरी न्हाई. तिची फरपट कावून करायची?"

जालिंदर ताटात बघत राहिला. भांडणाची वेळ आली की त्याला भाकरीत काहीतरी सापडायचं.

"तिलाच इचारा," सिंधुबाई म्हणाली.

"जाते मी आत्याकडं," विशाखा म्हणाली. बाजाराला जाते म्हणावं इतकं सरळ.

सकाळी नेकनूरवरून बीडला जाणारी गाडी होती. तेवढ्या वेळात पोरीला राहायला लावायचं कसं, हे सिंधुबाईला कळेना. तिला ऊस तोडता येत होता, मोळी बांधून ट्रकवर चढवता येत होती. स्वतःच्या लेकीची मनधरणी कशी करतात, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. शेवटी तिनं तिला येत होतं तेच विचारलं. "सकाळी खायला काय करू तुला?"

पोरीनं पहिल्यांदाच तिच्याकडं नीट पाहिलं. "डोंगरातल्या माणसांची न्याहारी," ती म्हणाली. "पण मोठ्या कढईत पायजे. लई मोठ्या." शाळेच्या कुठल्यातरी पुस्तकातलं असणार, असं सिंधुबाईनं धरून चाललं.

आता सिंधुबाई अंगणात बसली होती आणि कढई काही केल्या बसत नव्हती. घरातल्या चुलीवर तर ती मावणारच नव्हती, म्हणून तीन दगड मांडून खाली कापसाची वाळकी पऱ्हाटी पेटवली. धूर सगळा डोळ्यांत. शेजारच्या मुक्ताबाईच्या कोंबड्यांची अंडी आणली होती, तीही शंभर चौकशांना उत्तरं देऊन.

"एवढ्या कढईत एवढीशी अंडी," जालिंदर म्हणाला. "दिसतील का?"

"चष्मा लावा आन् बगा."

विशाखा समोरच्या दगडावर बसून हुकूम सोडत होती. तिच्यापेक्षा मुकादम परवडला असता. त्याला निदान शिव्या तरी देता येत होत्या.

"आधी कांदा. मग बटाटं. साल काढायची न्हाई."

"कावून?"

"साल काढली की बटाटं बारकं होतं."

सिंधुबाईनं सालीसकट बटाटे चिरले.

"आता छत्र्या."

"कसल्या छत्र्या?"

"झाडाखाली उगवत्यात त्या. पांढऱ्या."

"त्याला पाऊस लागतो, माय! तुज्या डोंगरात पडत असंल. हितं वाळवलेलं वांगं हाय, ते टाकू का बोल."

पोरीनं विचार केला. "चालंल. आता राक्षसाच्या नाकातला जाळ."

"हे मातर घरात हाय," जालिंदर बायकोकडं बघत म्हणाला. सिंधुबाईनं कढईत ठेचा टाकला, तो असा की अंगणातलं सगळं माणूस ठसकलं.

"मग दुधाचा गोळा. ताणला की तार येती असा."

"दूध छावणीत हाय, तारंसकट!" सिंधुबाईनं उलथनं कढईवर आपटलं. "कोण्या रिकामटेकड्यानं लिवलंय हे पुस्तक? एकदा त्याला धरून आणा आन् ह्या धुरात बसवा. म्हणावं आता सांग, काय काय टाकू!"

आता पोरगी रुसणार आणि सगळं मुसळ केरात जाणार, असं सिंधुबाईला वाटलं. तेवढ्यात जाईबाईनं पिशवीतून डबा काढला. आत चान्या होत्या, मीठ लावून दोरीवर वाळवलेल्या मटणाच्या पट्ट्या. "भावासाठी आणल्यात्या," ती म्हणाली, "टाक ह्यात."

"दोरीवरचं मटण!" पोरगी उठूनच उभी राहिली. "ते तर हायच त्यात!"

चान्या तेलात पडल्या आणि वास सुटला. वर अंडी फोडली, शिळी भाकरी चुरून पसरली, तेव्हा कुठं कढईचा तळ झाकला. खरं सांगायचं तर सिंधुबाईच्या तोंडालाही पाणी सुटलं होतं, पण ते कबूल करायला ती तयार नव्हती.

"ताटं न्हाईत घ्यायची," विशाखा म्हणाली. "समद्यांनी कढईतच खायचं, गोल बसून."

सगळे बसले. सिंधुबाई मात्र उलथनं घेऊन उभीच. सहा महिने उसाच्या फडात अंधारात भाकरी थापायच्या, फडक्यात बांधायच्या, आणि उन्हात उभ्या उभ्या दोन घास गिळायचे. बसून खायची सवयच मोडली होती.

"तू बस की," पोरगी म्हणाली.

ती बसली, म्हणजे एक गुडघा वर ठेवून टेकली. पहिला घास घेतला. तिखट होतं, खरपूस होतं, आणि लई चांगलं झालं होतं. तिनं दुसऱ्या घासाला हात घातला, आणि हॉर्न वाजला.

"टँकर आला गं!" मुक्ताबाई कुडापलीकडून ओरडली. "सिंधे, ऊठ! नंबर पुकारायलाय बद्रीनाथ!"

त्या बद्रीनाथचं तळपट होवो! तो नाही म्हणाला की टँकर यायचाच. घास हातात होता तो कुठं गेला, हे सिंधुबाईलाही कळलं नाही. कुणाच्या ध्यानात यायच्या आत ती उठली होती, घागर कमरेवर होती, आणि तिनं अर्धं अंगण ओलांडलं होतं. जाता जाता तिनं मागं वळून पाहिलं, ते केवळ जाळ विझवायचा राहिला म्हणून.

विशाखानं हातातला घास कढईच्या काठावर ठेवला होता. ती रडत नव्हती. तिनं हात पुसले, आत जाऊन दप्तर आणलं, आणि आत्याजवळ येऊन बसली.

"आत्या, गाडी कवा हाय?"

"आता काय झालं?" सिंधुबाई जाग्यावरूनच कडाडली. "सांग ना! बद्रीनाथच्या तोंडी लागून कढई आणली, धुरानं डोळे फोडून घेतले, मागशील ते टाकलं. आन् आता पाणी आणायला निगाले तर हिला राग! पाणी नगं का? काय पितेत तुजी डोंगरातली माणसं?"

"त्यांच्यात आई उठत न्हाई," विशाखा म्हणाली.

"काय?"

"कढई रिकामी होईस्तोर आई उठत न्हाई. बाकीच्यानं उठलं तर चालतं. आईनं न्हाई."

"असलं कुठल्या पुस्तकात लिवलेलं असतं?"

"पुस्तकात न्हाई. आमी केलंय." पोरगी दप्तराच्या पट्ट्याशी बोलल्यासारखी बोलत होती. "वसतिगृहात. निजायच्या आधी समद्या पोरी डोंगरातल्या माणसांची गोष्ट करायच्या. ज्या पोरीला जे खावं वाटंल, ते ती न्याहारीत टाकायची. अंडी एकीची, बटाटं एकीचं. दोरीवरचं मटण एकीच्या आजीचं."

"आन् एवढी मोठी कढई कुणाची?" जालिंदरनं विचारलं.

"माजी. मोठी असली की खायला लई येळ लागतो."

सिंधुबाईचा आवाज खाली आला होता. "आन् ते आईचं? ते कुणाचं?"

"ते समद्यांचं," विशाखा म्हणाली.

तिकडं बद्रीनाथ भोंग्यावर नंबर पुकारत होता. सिंधुबाई घागर घेऊन तशीच उभी राहिली. तिला राग आला होता, पण धरायचा कुणावर हे कळेना. टँकरचा आला, दुष्काळाचा आला, कारखान्याचा आला, आणि आई उठत नाही असा कायदा करून झोपी जाणाऱ्या त्या सगळ्या पोरींचा तर सगळ्यांत जास्त आला. आज नंबर गेला तर परवापर्यंत घरात धड पाणी नाही. आणि आज ही पोरगी गेली तर?

तिनं घागर जालिंदरच्या पुढ्यात आदळली. "जावा."

"मी? बायकांच्या रांगंत?"

"डोक्यावरून पदर घ्यायचा तर घ्या, पण जावा!"

जालिंदर गेला. सिंधुबाई कढईपाशी आली आणि मांडी घालून बसली, नीट ऐसपैस, लग्नाच्या पंगतीत बसावं तशी. "ये," ती विशाखाला म्हणाली. "खा गुमान."

पोरगी आली. दप्तर मात्र पाठीवरच होतं.

दोघी खायला लागल्या. भोंग्यावर जालिंदरचा नंबर आला. सिंधुबाईचा गुडघा आपोआप वर झाला. तिनं तो हातानं खाली दाबला. नंबर पुन्हा पुकारला. मग जालिंदरचा गयावया करणारा आवाज, बायकांचं हसणं, आणि मुक्ताबाईचं खणखणीत "नेम म्हंजे नेम! मागं व्हा भाऊजी, शेवटी!" सिंधुबाईनं डोळे मिटून घास चावला. आजवर टँकर दारात असताना ती कधी बसून राहिली नव्हती. विशाखा खाताना एकसारखी तिच्या गुडघ्यांकडं बघत होती.

जाईबाई थोडं खाऊन केव्हाच बाजूला झाली होती. मारुतीच्या पारापाशी गाडीनं वळण घेतलं आणि ती उठली. "चल विशाखा. आली गाडी."

विशाखानं कढईत वाकून पाहिलं. निम्मं अजून उरलेलंच होतं.

"तू जा, आत्या. आमची कढई व्हायचीय अजून."

"अगं, गाडी निगून जाईल."

"जाऊ दे."

जाईबाई उभी राहिली. तिला वाईट वाटलं होतं, ते लपवण्याइतकी ती लबाड नव्हती. नेकनूरच्या घरात तिनं पोरीसाठी कोनाडा रिकामा करून ठेवला होता. तिनं विशाखाच्या डोक्यावरून हात फिरवला, पिशवी उचलली. डबा घ्यायला वाकली आणि पुन्हा सरळ झाली. "डबा राहू दे हितंच. चान्या हायती अजून," ती म्हणाली आणि भराभरा चालू लागली.

"वन्सं, जेवायला येत जावा," सिंधुबाई मागून म्हणाली. यापेक्षा बरं काही तिला सुचलं नाही.

गाडी गेली. टँकरही गेला, आणि जालिंदरनं तळाचं घागरभर गढूळ पाणी आणून उंबऱ्यात ठेवलं. कढईतलं सगळं आता गार झालं होतं आणि अंडी रबरासारखी लागत होती. विशाखानं दप्तर काढून बाजूला ठेवलं होतं. दसरा-दिवाळी होईल, मुकादम येईल, आणि पुन्हा जावं लागेल, हे सिंधुबाईला ठाऊक होतं. ते पोरीलाही ठाऊक असणार, म्हणूनच तर ती इतकी सावकाश खात होती.

"पोट भरलं," विशाखा शेवटी म्हणाली. कढईत चार-पाच घासच राहिले होते. ते संपले की आईला उठता येणार होतं.

"भरलं तर भरलं. दमानं खा. कुणी मागं लागलंय का तुज्या?" सिंधुबाई तिच्यावर खेकसली, आणि दुरडीतली उरलेली भाकरी ओढून तिनं ती सगळी कढईत चुरली.

"आई, आता ह्याला दुपार होईल."

"होऊ दे," सिंधुबाई म्हणाली.