ताईंचं क्रीम

पट्टी ओढली आणि ताईंच्या लक्षात आलं, केसांबरोबर कातडीही आली.

फार नाही, नखाच्या टोकाएवढी. वरच्या ओठाच्या कडेला ओली, गुलाबी जागा दिसली आणि बघता बघता तिथे रक्ताचा एक ठिपका उभा राहिला. ताईंनी पटकन कापूस दाबून धरला. तीस वर्षांच्या पार्लरमध्ये त्यांच्या हातून असं कधी झालं नव्हतं. मेण फार गरम नव्हतं, पट्टी नेहमीच्याच दिशेने ओढली होती. हात चुकला नव्हता, आणि तेच वाईट होतं.

"जरा जळतंय हो," खुर्चीतून बाई म्हणाल्या.

बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. चौतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे अख्खी गल्ली त्यांना बाईच म्हणायची. पार्लर सुरू झालं त्या वर्षापासूनच्या त्या गिऱ्हाईक.

"वयाबरोबर कातडी नाजूक होते, बाई," ताई म्हणाल्या.

खुर्चीवरचा दिवा त्यांनी जवळ ओढला. बाईंच्या दोन्ही गालांवर तांबड्या शिरांचं बारीक जाळं पसरलं होतं, जुन्या चिनी मातीच्या बशीला तडे जावेत तसं. कातडी चकचकीत, ताणलेली, आतलं सगळं दाखवणारी. असले गाल ताई गेले चार महिने रोज सकाळी आरशात बघत होत्या. स्वतःचे.

उठता उठता बाईंनी आठवण करून दिली, "माझी डबी संपत आलीय बरं का. दोन दिवस नाही लावलं तर तोंडाची नुसती आग होते."

ताई क्षणभर उभ्याच राहिल्या. मग ड्रॉवर उघडून त्यांनी नवी डबी काढली आणि बाईंच्या हातावर ठेवली.

बाई गेल्यावर त्यांनी पार्लरचं दार आतून लावून घेतलं आणि स्टुलावर बसल्या. आपण हे आत्ता काय केलं, हे त्यांना पुरतं कळत होतं.

हे क्रीम आलं त्याला दोन वर्षं झाली होती. त्याआधी, ताईंना एकोणपन्नासावं लागलं आणि पाळी मागेपुढे व्हायला लागली, तेव्हा त्यांच्या हनुवटीवर पहिल्यांदा पुटकुळ्या आल्या. सोळाव्या वर्षी आल्या नव्हत्या त्या आत्ता आल्या. मोठ्या, दुखऱ्या, आठ-आठ दिवस न जाणाऱ्या, आणि जाताना तपकिरी डाग मागे ठेवून जाणाऱ्या. एका गालावर सुरकुती, दुसऱ्यावर मुरूम. नवरा गमतीने म्हणाला, "तुझं वय काही ठरेना बाई, पुढे जायचं की मागे." ताईंना हसू आलं नाही. दुसऱ्यांचे चेहरे उजळणारी बाई, आणि स्वतःच्या तोंडावर हा प्रकार. दिव्याखाली अंधार. नवी गिऱ्हाइकं दारातून त्यांच्याकडे बघत आणि "परत येते" म्हणून जात. परत येत नसत.

ताईंनी सगळे उपाय करून पाहिले. दिवसातून पाच वेळा तोंड धुतलं, खरखरीत दाण्यांच्या मलमाने घासलं, तेलाचा थेंब चेहऱ्याजवळ येऊ दिला नाही. कातडी तडकली, भेगाळली, पण मुरुमं होती तिथेच. मग पार्लरला मेण, दोरा आणि पावडर पुरवणारा विक्रेता एकदा पांढरा डबा घेऊन आला. डब्यावर नाव नाही, गाव नाही. "मोठमोठ्या पार्लरमध्ये हेच वापरतात," तो म्हणाला. ताईंनी रात्री झोपताना लावलं. आठव्या दिवशी तोंड आरशासारखं.

मग काय विचारता. गिऱ्हाइकं विचारू लागली, ताई, तुम्ही काय लावता? चाळिशी-पन्नाशीच्या बायका, कुणाला मुरुमं, कुणाला वांग, कुणाला डाग. ताईंनी लहान डब्या आणल्या, मोठ्या डब्यातून चमच्याने भरल्या, वर स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली. गल्लीत त्याला ताईंचं क्रीम असंच नाव पडलं. अकरा जणी ते नेमाने नेत. अडलेल्या बाईला डबी द्यायची, महिन्याभराने तिचा उजळलेला चेहरा बघायचा, यात ताईंना जे सुख मिळे ते कुणाला सांगून कळलं नसतं.

आणि आता तोंड जळत होतं. एकदा गावाला जाताना ताई डबा विसरल्या, तर तिसऱ्या दिवशी तोंड लालबुंद झालं आणि पूर्वी पाच होती तिथे पंधरा मुरुमं आली. परत येऊन लावलं, शांत झालं. तेव्हापासून त्या घाबरल्या. उन्हात गेलं की गाल तव्यावर ठेवल्यासारखे. कानापाशी, गालावर बारीक केसांची लव. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं नाही म्हणजे नाहीच आहे, असं काहीतरी माणूस मनाशी धरून चालतो. पण बाईंच्या ओठावरचा तो रक्ताचा ठिपका काही डोळ्यांपुढून जाईना.

दोन दिवसांनी दुपारी ताई शहराच्या दुसऱ्या टोकाला, जिथे ओळखीचं कुणी भेटणार नाही अशा ठिकाणी, त्वचेच्या डॉक्टरांकडे गेल्या. तोंडाला ओढणी गुंडाळली होती. बाहेरच्या बाकावर बसून दरवाजाकडे बघत राहिल्या. दोनदा उठल्या आणि दोनदा बसल्या. आपला चेहरा बिघडल्याची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती वेगळीच होती. आत गेल्यावर कुणीतरी, नाव विचारावं इतक्या सहज, तोंडाला काय लावता असं विचारील, आणि आपल्याला खरं बोलावं लागेल.

डॉक्टर मुलगीच होती, फार तर पस्तिशीची. तिने ओढणी काढायला सांगितलं, भिंग लावलं, दोन्ही गाल निरखून पाहिले.

"चेहऱ्याला काय लावता?"

"काही नाही. साबण."

डॉक्टरने भिंग खाली ठेवलं. "काकू, काही न लावलेला चेहरा असा होत नाही. मी रागावणार नाही. सांगा."

ताकाला जाऊन भांडं किती लपवायचं? ताईंनी पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवला. डॉक्टरने वास घेतला, बोटावर घेऊन चोळून बघितलं, डब्याचा तळ उलटा करून पाहिला. मग म्हणाली की, यात बहुतेक जोरदार स्टिरॉइड आहे. तपासल्याशिवाय शंभर टक्के सांगता येत नाही, पण चेहरा सांगतोच आहे. त्याने मुरूम दबतं, डाग फिके पडतात, आणि खालची कातडी महिन्यागणिक पातळ होत जाते. थांबवायचंच, पण माझ्या नजरेखाली. थांबवल्यावर तोंड पेटेल, मुरुमं दुपटीने येतील, काही आठवडे, कदाचित काही महिने. तेव्हा घाबरून पुन्हा ते लावायचं नाही.

तिने कागदावर लिहून दिलं. साधं, बिनवासाचं तोंड धुवायचं द्रव, दिवसातून दोनदाच. वर साधं ओलावा राखणारं मलम. सकाळी उन्हापासून वाचवणारं. मुरुमांचं औषध नंतर, कातडी सावरल्यावर, तेही थोडं थोडं. या वयातही मुरुमं येतात, ती म्हणाली, पाळी जाताना शरीर बदलतं म्हणून येतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण या वयाची कातडी कोरडी पण असते, ती कॉलेजातल्या मुलीसारखी घासून काढायची नसते.

"आणि या लाल शिरा?" ताईंनी विचारलं.

"काही जातील. सगळ्या जातीलच असं नाही." मग सहज विचारावं तसं तिने विचारलं, "हे आणखी कोणी वापरतं का?"

ताईंनी डब्याचं झाकण घट्ट लावलं.

"अकरा जणी," त्या म्हणाल्या. "मीच देते."

डॉक्टर ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "मग त्यांना तुम्हीच सांगायला हवं. मी त्यांना ओळखत नाही."

घरी ताईंनी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो वाईट माणूस नव्हता. चाळीस वर्षं रेडिओ-पंखे दुरुस्त करत आलेला. कुठलीही वस्तू गपचूप दुरुस्त व्हावी, गिऱ्हाइकाला बिघाड कळू नये, असं त्याला वाटे. तो म्हणाला, क्रीम बंद झालं म्हणून सांग, मिटलं. बायका चार दिवस हळहळतील आणि विसरतील. आपण होऊन कशाला सांगत सुटायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची.

"बंद झालं म्हटलं तर त्यांची तोंडं पेटतील," ताई म्हणाल्या. "का पेटली ते कळणार नाही. मग तसलंच दुसरं कुठूनतरी आणतील."

"आणि सांगितलंस तर आपलं दुकान पेटेल. पोलिसात गेल्या म्हणजे?"

पोलीस, वर्तमानपत्र, गल्लीतले लोक, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढे आलं होतंच. दोन दिवस त्या जेवल्या नाहीत. क्रीम थांबवल्यामुळे तोंडावरची आग आता सुरू झाली होती; गार पाण्याची पट्टी ठेवली की तेवढ्यापुरतं बरं वाटे. आणि त्या पट्टीखाली डोळे मिटून पडल्या असताना एकच विचार येई, याच वेळी बाई ती नवी डबी उघडत असतील.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या उठल्या, तोंडाला काही न गुंडाळता बाहेर पडल्या आणि पहिल्यांदा बाईंच्याच घरी गेल्या.

बाईंनी दार उघडलं आणि त्या बघतच राहिल्या. "अहो, हे काय झालं तोंडाला?"

"तेच सांगायला आलेय."

ताईंनी उभ्यानेच सांगितलं. डबा कुठून आला, त्यात काय आहे, डॉक्टर काय म्हणाली. थांबवल्यावर काय होईल तेही. डॉक्टरचा पत्ता लिहिलेला कागद त्यांनी टेबलावर ठेवला. बाई खुर्चीत ताठ बसून ऐकत होत्या, वर्गात एखाद्या पोराने काचेचा दिवा फोडल्याचं कबूल करताना ऐकावं तशा.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

हा प्रश्न येणार हे ताईंना ठाऊक होतं. वाटेत त्यांनी दोन-तीन उत्तरं जुळवलीही होती. पण बाईंच्या ओठावरची खपली दिसली आणि ती सगळी उत्तरं गेली.

"शंका चार महिन्यांपासून होती. त्या दिवशी तुमची कातडी सोलली तेव्हा कळलंच."

"आणि तरी त्याच दिवशी मला डबी दिलीत."

"दिली."

बाई उठून आत गेल्या, डबी घेऊन आल्या, टेबलावर ठेवली. "जा आता तुम्ही," त्या म्हणाल्या.

राहिलेल्या दहा जणींकडे जायला ताईंना सहा दिवस लागले. कुणी रडली. कुणी दारातूनच घालवलं. एकीच्या मुलाने तक्रार करण्याची धमकी दिली, ताई म्हणाल्या, "करा, मी नाही म्हणणार नाही." एकीला ते खरंच वाटेना, ताई, तुम्हाला देता येत नसेल तर कुठे मिळतं ते सांगा, असं ती विनवत राहिली. तिचीच ताईंना सगळ्यात भीती वाटली. तिच्याकडे त्या तीनदा गेल्या. गल्लीतल्या बायकांच्या फोनवर मजकूर फिरला. पार्लरमधल्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या पडल्या.

तक्रार शेवटी झाली नाही. का झाली नाही हे ताईंना कधी कळलं नाही, आणि पुढचे कितीतरी महिने बाहेर अनोळखी बूट वाजले की त्या काम थांबवून कान देत. तो विक्रेता पुन्हा फिरकला नाही. त्याचा फोन लागायचा बंद झाला.

तोंड डॉक्टर म्हणाली होती तसंच पेटलं. लाल झालं, सुजलं, साल सुटली, पुटकुळ्यांनी भरलं. ताई तरीही रोज सकाळी पार्लर उघडत, लादी पुसत, पांढरे टॉवेल घडी करून ठेवत आणि दाराकडे तोंड करून बसत. नवरा म्हणे, निदान पडदा तरी ओढ. त्या ओढत नसत.

सहा आठवड्यांनी त्या दाखवायला गेल्या, तर डॉक्टरकडच्या बाकावर बाई बसलेल्या. बाईंचा चेहराही तसाच, लाल, फुटलेला. कपाळापासून हनुवटीपर्यंत कुठे लपवाछपवी नाही. ताईंना वाटलं, मागे फिरावं. पण बाईंनी पाहिलं होतं.

बाकावर तिघांची जागा होती. ताई दुसऱ्या टोकाला बसल्या. मधल्या जागेवर बाईंची पर्स होती, ती बाईंनी उचलली नाही.

खूप वेळाने बाईंनी समोरच्या भिंतीकडे बघतच विचारलं, "तुमची आग कधी कमी झाली?"

"पाचव्या आठवड्यात. थोडी."

"माझा सहावा चाललाय. अजून नाही."

"संध्याकाळी जास्त होते," ताई म्हणाल्या. "मी ओलं फडकं ठेवते. नुसतं पाण्याचं."

बाईंनी मान हलवली. ती होकाराची होती की नुसतीच, कळलं नाही. आतून कंपाउंडर आली, एकसारख्या दोन चेहऱ्यांकडे तिने आळीपाळीने पाहिलं आणि विचारलं, "दोघी बरोबर आहात का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "वेगवेगळ्या."

त्या उठल्या आणि आत गेल्या. दार बंद झालं. पर्स बाकावरच राहिली होती. ताईंनी तिला हात लावला नाही. बाई बाहेर येईपर्यंत त्या तिच्याकडे लक्ष ठेवून बसल्या.