जेनीच्या गळ्यातला पट्टा

"पप्पा, जेनी मेली तेव्हा गाडीची चावी कोणाकडे होती?"

मित्रांनो, हा प्रश्न अक्षदानं विचारला खरा, पण तो तिचा नव्हता. तो गावातली कुजबुज ऐकून तिच्या मैत्रिणींनी दिलेला डेअर होता. डेअर पुरा होतोय का ते बघायला प्रियांका आणि भाविका कुंपणापाशी उभ्या होत्या. अक्षदा नववीत आहे. वक्तृत्वात तालुक्यात दुसरी आल्यापासून ती कोणालाही काहीही विचारते. सरपंचांनासुद्धा विचारते. दप्तर पाठीवरच ठेवून तिनं हेही एका दमात विचारून टाकलं.

तिचा बाप कुंडलिक जेवत होता. त्याचा हात भातातच राहिला. आई रंभा म्हणाली, "आदी हातपाय धू."

बाहेरचं खुसुखुसू हसणं बंद झालं आणि दोघी निघून गेल्या. घरात उत्तर सगळ्यांना माहीत होतं. विचारणारीलाही. आणि भिंतीवर खिळ्याला टांगलेल्या मलाही.

मी एक जुना चामड्याचा पट्टा आहे. माझा जन्म कुत्र्यासाठी झाला नव्हता. म्हसा गावच्या जत्रेत कुंडलिकच्या वडिलांनी बैलासाठी घुंगरांचा पट्टा घेतला, तो मी. पुढे बैल गेला, घुंगरं गळाली, मी माळ्यावर पडून राहिलो. कुंडलिकला वाशिंदजवळच्या गोडाऊनवर सिक्युरिटी कंपनीचा कुत्रा सांभाळायची नोकरी लागली, तेव्हा त्यानं मला खाली काढलं. कंपनीच्या नायलॉनच्या पट्ट्यानं जेनीची मान सोलली जात होती. मुरबाडच्या बाजारात मला कापून, तेल पाजून, पितळी बकल लावून घेतलं. मी बैलाचा होतो, जेनीचा झालो.

जेनी अल्सेशियन होती. गेटवर येणारा प्रत्येक ट्रक ती हुंगायची. एकदा गोण्यांच्या थप्पीपाशी जाऊन ती अशी भुंकायला लागली की झाडू मारणारी सकुबाई मागे सरकली. थप्पीखाली घोणस होती. त्या दिवशी सगळ्यांनी जेनीचे फोटो काढले. त्यात मीही आलो. दुसऱ्या दिवसापासून सकुबाई अर्धी भाकरी बाजूला ठेवायची आणि म्हणायची, "ये गो माजे बाय, तुज्या वाट्याची हाय." एवढंच आमचं कौतुक. पण पुरेसं होतं.

दुसऱ्या गोडाऊनवर ड्युटी असली की आम्ही पांढऱ्या गाडीतून जायचो. मागे जाळी, जाळीमागे जेनी. जाळीवर एक छोटा पंखा होता. तो होळीच्या आधीच बंद पडला. कुंडलिकनं सुपरवायझर सुरेंद्रसाहेबांना दोनदा सांगितलं. साहेब दोन्ही वेळा म्हणाले, "बघतो."

मग एप्रिलमधला तो दिवस आला. ड्युटी मुरबाडला होती, दुपारी तीनला. पण त्याच दिवशी वैशाखरेला आरतीचं लग्न होतं आणि कुंडलिक तिचा सख्खा मामा. मामानं नवरीला मांडवात आणायचं, अंतरपाटाच्या वेळी तिच्या पाठीशी उभं राहायचं. त्याच्याशिवाय अक्षता पडत नाहीत. मुहूर्त बारा पस्तीसचा. एक वाजता निघू, वेळेत पोचू, असा हिशेब करून कुंडलिकनं रंभा, अक्षदा आणि जेनी, सगळ्यांना गाडीत घातलं. गाडी मुरबाड सोडून पुढे गेली, हे ऑफिसला माहीत नव्हतं.

आंब्याच्या दाट सावलीत गाडी लागली. काचा अर्ध्या खाली. कुंडलिकनं चावी अक्षदाच्या हातात दिली.

"अक्षे, मी आता बोहल्यावरून हलू शकत नाय. जेनीवर तुजी ड्युटी. पाणी दे, बघून ये. जमंल ना?"

"पप्पा, मी काय लहान आहे का?"

ती दोनदा आली. दोन्ही वेळा तिनं पाणी दिलं आणि माझ्या बकलखाली बोट घालून जेनीची मान खाजवली. पण नवरदेव मारुतीच्या देवळापाशीच अडकला होता. त्याचे मित्र नाचायचे थांबेनात. बारा पस्तीसचा मुहूर्त दीडवर गेला. तेवढ्यात नवरीचा काका देवजी धावत आला.

"अक्षे, चावी दे गो! बँजोचा टेम्पो आडलाय."

तिनं दिली. देवजीनं गाडी काढून समोरच्या खाचरात लावली, उन्हात. जेनीच्या अंगावर धूळ जाईल म्हणून काचा पूर्ण वर केल्या आणि चावी आणून दिली. कोणालाही काहीही विचारणाऱ्या अक्षदानं, गाडी कुठं लावली, एवढं विचारलं नाही. चावी बटव्यात टाकली आणि बँजोच्या वाजंत्र्यांपुढे नाचायला गेली.

पुढचं मी थोडक्यात सांगतो. जेनी आधी उभी होती. मग धापा टाकू लागली. तिनं काच चाटली, जाळी ओरबाडली. मी तिच्या लाळेनं ओला झालो. मग वाळलो. बकल तापलं आणि तिच्या गळ्याला टेकून राहिलं. मी बाजूला होऊ शकत नव्हतो. बाहेर मंगलाष्टकं ऐकू येत होती. जेनी आडवी झाली. आमच्यावर अक्षदाची सावली पडली तेव्हा माझ्याखाली काही हलत नव्हतं.

सुरेंद्रसाहेब चिडले नाहीत. पंख्याचं त्यांनाही लपवायचं होतं. "आजारी होती असं लिही. तुझी पण सुटका, आमची पण," ते म्हणाले. कुंडलिकनं लिहिलं. डॉक्टरला बोलावलंच नाही. गोडाऊनच्या मागे खड्डा खणला. सकुबाईनं विचारलं, "काल तर भाकर खाल्लीन. आजारी कदी पडली?" कुंडलिक खाली वाकून माझं बकल सोडू लागला. मला काढून घरी आणलं. त्यालाही आता नऊ दिवस झाले.

मित्रांनो, चामड्याला रडता येत नाही. मला काही वाटतं की नाही, तेही मला नीट कळत नाही. एवढं कळतं, की त्या दिवशी जेनीवर माया नसलेलं माणूस तिथं कोणी नव्हतं. लक्ष असलेलंही कोणी नव्हतं.

आज डेअरच्या प्रश्नानंतर रंभानं कुंडलिकच्या ताटात आमटी वाढली. मग कुंडलिक माझ्याकडे बघत म्हणाला, "सोमवारी नवा कुत्रा येतोय. वर्षाचाय. पट्टा जुनाच चालंल म्हणाले साहेब."

"आणि गाडी?" अक्षदानं विचारलं.

"तीच."

"पंखा?"

कुंडलिकनं ताट पुढे सरकवलं. "तुजं नाव नको यायला कुठं, म्हणून लिवलं मी तसं. आता नको उकरू, बाय माजे."

अक्षदानं दप्तर खाली ठेवलं. स्टुलावर चढून मला खिळ्यावरून काढलं. बकलखाली जेनीचे दोन-चार केस अडकले होते, ते तिनं तसेच राहू दिले.

"आई, पप्पा, ऐका. सोमवारी मी शाळेत जाणार नाय. तुमच्याबरोबर ऑफिसला येणार. चावी माझ्याकडे होती, हे मी सुरेंद्रसाहेबांच्या वरच्या साहेबांना सांगणार. गाडी वैशाखरेला नेली आणि पंखा बंद होता, हे तुम्ही सांगायचं."

"नोकरी जाईल गो," रंभा म्हणाली.

"जाईल कदाचित," अक्षदा म्हणाली. तिचा आवाज वक्तृत्वातला नव्हता. "पण पंखा लागेपर्यंत हा पट्टा मी कोणाच्या गळ्यात घालू देणार नाय."

आणि तिनं मला दप्तरात ठेवलं.