बकरी हलवायची नाही

"इंदुबाई, कोयता उचल! चार वाजता फॅक्टरीना ट्रक येस. मरेल बकरी काय उठीसन उभी ऱ्हाई का?" भिकन मुकादम बांधावरून ओरडला.

"येऊ दे ट्रक. मनी नातले दूध कोन दी? तू?"

भिकन फडाकडं वळला. सून सुषमाला बाळंतपणातल्या तापानं दूध उरलं नव्हतं. महिन्याची पोर या बकरीवरच जगत होती. आणि आता बकरी पालापासून दहा पावलांवर आडवी, मान फाटलेली. उजाडताना बिबट्यानं धरली. इंदुबाईनं कोयता फेकून मारला तेव्हा तो तिला टाकून उसात शिरला.

परराज्यातल्या मांडवीकडच्या या उसात बिबट्या आहे हे ऊसमालक शेठला ठाऊक, फॅक्टरीला ठाऊक, जंगलखात्याला तर ठाऊकच. तरी दरसाल खानदेशातून आलेल्या तोडणीवाल्यांची पालं उसाला चिकटूनच. शेठच्या म्हशी पत्र्याच्या गोठ्यात, कडी लावून. माणसं प्लास्टिकखाली.

मागच्या खेपेला जंगलखात्याच्या गार्डनं सगळ्यांना बजावलं होतं, "जनावर मेलं तर हलवायचं नाही. जागेवर पंचनामा, मगच भरपाई." म्हणून ती सकाळपासून उसाचं वाढं घेऊन कावळे-कुत्री हाकलत उन्हात बसली होती.

दुपारी शेठ मोटारसायकलवरून आला. इकडंतिकडं बघून त्यानं एक पुडी पुढं केली. "बेन, हे विष मांसात भर. बिबट्या परत येईल, खाईल, वात खतम. नवी बकरी माझ्याकडून."

"पकडलं तर जेलात कोण, शेठ? तुम्ही का मी?"

शेठ हसला. "तुला कोण ओळखतं इथं?"

बिबट्याची तिला काडीची माया नव्हती. सकाळी हाती लागता तर तिनं त्याचे दोन तुकडे केले असते. पण शिकार शेठची आणि गुन्हा आपला? तिनं पुडी त्याच्या पायाशी फेकली.

तीनला भिकन परत आला. "गार्ड येल शे. शेठना बैठकमा चहा पी ऱ्हायना. म्हणस, उसात बिबट्या शे, मी काय एकटा येत नही. सकाळ बघू."

सकाळपर्यंत कुत्र्यांनी शिंगंसुद्धा ठेवली नसती. इंदुबाई उठली. बकरी खांद्यावर टाकली.

"अगं, हालवू नको!" भिकन मागून ओरडला.

ती थांबली नाही.

शेठच्या बैठकीत भिंतीवर बिबट्याचं कातडं ठोकलेलं होतं. मुंडक्यासकट, काचेचे डोळे, जबडा वासलेला. त्याखाली बंदूक घेतलेल्या म्हाताऱ्याचा फोटो. आणि फोटोखाली गार्ड, मांडीवर बिस्किटाची बशी. इंदुबाईनं बकरी त्याच्या बुटांपुढं पांढऱ्या फरशीवर टाकली.

"हलवलीस का?" गार्ड ताडकन उठला. "आता काही होणार नाही. बिबट्यानंच मारली हे कशावरून लिहू?"

"जागेवरच हाय ना, साहेब. वर बघा. त्याच्या तोंडापुढंच पडलीय."

गार्डनं वर बघितलं. शेठनंही.

"ते... ते माझ्या दादांनी, आजोबांनी मारलेलं," शेठ नाकाला रुमाल लावत म्हणाला. "तेव्हा लायसन होतं."

"दादांना लायसन. बिबट्याला कायदा. आन् माझ्या बकरीला 'सकाळ बघू'?" तिनं फरशीवर फतकल मारली. "मी बी बसते. मला कुठं जायचंय?"

बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला. कोणी हललं नाही. भिकननं आपला कोयता शेठच्या भिंतीला टेकवला आणि पायरीवर बसला. मग एकेक करून सगळे तोडणीवाले येऊन त्याच्या शेजारी बसले. शेतात उभा ऊस, दारात रिकामा ट्रक, बैठकीत माशा.

"अरे, लखो ने साहेब, लिहून टाका!" शेठ गार्डवरच खेकसला.

गार्ड गुडघ्यावर बसला. पेनाच्या टोकानं मानेचे केस बाजूला केले. दातांची भोकं दिसली. कागद भरला आणि अंगठ्यासाठी पुढं केला.

"वाचून दाखवा."

त्यानं वाचलं. घटनास्थळ म्हणून त्यानं शेत लिहिलं होतं. तिनं तेवढं चालू दिलं आणि अंगठा उठवला.

"आता उठ, बेन," शेठ म्हणाला.

"नवी बकरी येईस्तोवर माझ्या नातीला रोज लोटाभर दूध. तुमच्या कडी लावलेल्या म्हशींचं."

शेठनं पायरीकडं बघितलं, मग आत बघून दुधासाठी हाक मारली. लोटा आला. इंदुबाईनं तो पदराखाली धरला आणि गार्डला विचारलं,

"साहेब, आता हलवू का बकरी?"