उघडा ट्रम्पेट

धाकटी नोकरी सोडतेय याचं हेल्पलाइनच्या खोलीत कुणालाच नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते हे की तिने ते ताईला तोंडावर सांगितलं. ताई म्हणजे तिची सख्खी थोरली बहीण आणि त्याच खोलीतल्या रात्रपाळीची सुपरवायझर. धाकटीला तिथे चिकटवलं होतं तेही ताईनेच. त्यामुळे साऱ्या ऑफिसात तिचं नाव धाकटीच पडलं, आणि तिच्याहून वयाने लहान पोरंसुद्धा तिला बिनदिक्कत धाकटी म्हणायची.

काम होतं लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांशी फोनवर बोलायचं. मेकॅनिक पोचेपर्यंत त्यांना धीर द्यायचा. ताईचा एक नियम सगळ्यांना पाठ होता: समोरचा ओरडला की आपण आवाज एक पायरी खाली उतरवायचा, तो आणखी ओरडला की आणखी एक पायरी. शेवटी आपलं बोलणं ऐकण्यासाठी तरी त्याला गप्प बसावं लागतं. नियम शंभर नंबरी होता. फक्त एकदा त्याची सवय लागली की माणसाला घरीही धड भांडता येत नाही, हे ताई कुणाला सांगत नसे.

"ट्रम्पेट वाजवून पोट भरणार तू?" पाळी बदलताना ताईने विचारलं. अर्थात हळूच.

"भरेन."

"हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये म्हणतात."

"ट्रम्पेट धरायला दोन्ही हात लागतात, ताई."

ताईने हेडफोन कानाला चढवला. ताईने विषय असा सोडला म्हणजे तिला पटलेलं नाही, हे धाकटीला लहानपणापासून ठाऊक होतं.

मास्तरांच्या बँडमध्ये धाकटी कित्येक वर्षं बदली वादक होती. कुणाला ताप आला, कुणाच्या घरी पाहुणे टपकले, की धाकटीला बोलावणं यायचं. मग ती ऑफिसात कुणाच्या तरी हातापाया पडून पाळी बदलून घ्यायची आणि धापा टाकत स्टेजवर पोचायची. अशात बँडमध्ये पहिला ट्रम्पेट वाजवणाऱ्या आजोबांना दातांनी दगा दिला. कवळी लावून जेवता येतं, ट्रम्पेट फुंकता येत नाही. मास्तरांनी ती खुर्ची धाकटीला देऊ केली. पण तालीम रोज संध्याकाळी, आणि संध्याकाळ म्हणजे नेमकी धाकटीच्या पाळीची वेळ. दोन डगरींवर पाय ठेवायची सोयच नव्हती. तिने नोकरीवरचा पाय उचलला.

कायमची वादक म्हणून ती पहिल्यांदा तालमीला गेली त्या संध्याकाळी मास्तरांनी अर्ध्यातच हात वर केला. मास्तर स्वतः ट्रॉम्बोन वाजवायचे, देह दांडगा आणि जीभ त्याहून दांडगी.

"तुझा माइक बंद कर," ते म्हणाले. "आता वाजव."

धाकटीने वाजवलं.

"वाजवतेयस का नुसते गाल फुगवतेयस?"

मागचा ढोलवाला खो खो हसला. धाकटीचे कान तापले. सूर एकही चुकला नव्हता, मग हे काय? मास्तरांनी तिच्या पायाशी पडलेल्या ट्रम्पेटच्या पेटीत हात घातला आणि एक ॲल्युमिनियमचं बूच बाहेर काढलं. ट्रम्पेटच्या भोंग्यात ते घट्ट बसवलं की आवाज डासाच्या गुणगुणण्याइतका उरतो.

"घरी हे लावून रियाज करतेस?"

"रोज."

"किती वर्षं?"

धाकटीने बूच त्यांच्या हातातून घेतलं. ताई रात्रपाळी करून सकाळी यायची आणि दुपारभर झोपायची. दोघींच्या खोल्यांमधली भिंत प्लायवूडची. ताई झोपलीय, हा त्या घरातला कायदा होता. नळ पूर्ण उघडायचा नाही, चप्पल दारातच काढायची, बेलची वायर तर कधीचीच काढून टाकलेली. धाकटीने बूच लावलं ते कुणी सांगितलं म्हणून नव्हे. आपल्यासाठी जागणाऱ्या माणसाची झोप मोडायची कशी, एवढाच तो प्रश्न होता.

"बूच वारा अडवतं," मास्तर जरा मऊ झाले. "आपल्याला वाटतं, केवढा जोर लावतोय आपण. सगळा जोर त्या बुचावर खर्ची पडतो. बूच काढलं की फुसका बार. आजवर माइकने तुझी लाज राखली. बोटं सोन्यासारखी आहेत गं तुझी. पण मोकळा श्वास कसा घ्यायचा ते तुला माहीतच नाही. रविवारी मैदानात कार्यक्रम आहे, तिथे माइक नाही. शुक्रवारी बघतो मी. नाही जमलं तर दुसरं माणूस आणावं लागेल, राग मानू नकोस."

धाकटी घरी आली तेव्हा ताई कामावर निघाली होती. दारातच तिने खालच्या आवाजात सांगितलं, "तू नोकरी सोडतेयस हे साहेबांना मी अजून बोललेले नाही. तुला बरं नाही म्हणून सांगितलंय. तुझी जागा सोमवारपर्यंत तशीच आहे."

आणि ती जिना उतरून गेली. धाकटीला त्या मायेचा मनस्वी राग आला, आणि राग आला म्हणून स्वतःची लाजही वाटली. कारण ऐकल्याबरोबर छातीवरचा दगड उतरल्यासारखं झालं होतं, हेही खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी ती ट्रम्पेट घेऊन इमारतीच्या गच्चीवर गेली. दोन सूर झाले नाहीत तोच चौथ्या मजल्यावरचे काका वर आले आणि त्यांनी कबुतरांची बाजू घेऊन तिच्याशी वाद घातला. तळघरातल्या पार्किंगमध्ये गेली, तर वॉचमनने आदराने, पण बाहेर काढलं. अशी उसन्या जागेत फिरत राहिले तर रियाज व्हायचा कधी, असं तिच्या मनात आलं. रोज वाजवायचं तर घरातच वाजवायला हवं. ताईला विचारावं का? पण आपण हळूच विचारणार, ती त्याहून हळू नको म्हणणार, आणि आपण माघार घेणार. हा खेळ ती जन्मभर हरत आली होती.

बुधवारी दुपारी ताई गाढ झोपली होती. धाकटी आपल्या खोलीत उभी राहिली, तिने बूच काढलं आणि कपाटाच्या वर, हात पोचणार नाही असं भिरकावून दिलं. मग डोळे मिटून जोरात फुंकलं.

पहिला सूर फाटला. दुसराही फाटला. तिसऱ्याला खिडकीची काच थरथरली. धाकटीने सूर सोडला नाही. डोळे उघडले तर दारात ताई, केस विस्कटलेले, डोळे लाल. धाकटीने तिच्याकडे बघत श्वास संपेपर्यंत सूर लांबवला.

"अगं, काय चाललंय?"

"रियाज. रोज दुपारी करणार आहे. असाच, उघडा."

"आणि मी झोपू कुठे?"

"पुढच्या खोलीत झोप. मी तुझी गादी तिकडे नेते, दाराला रजई लावते, सांगशील ते करते. पण वाजवणार."

"आई गेली तेव्हा तू शाळेत होतीस," ताई म्हणाली. तिचा आवाज एक पायरी खाली उतरला. "महिना भरला की पगार येतो, या एका गोष्टीवर मी तुला वाढवलंय. तुला रिकाम्या हाताने दारात उभी बघायचं नाहीये मला."

"बघावं लागेल कदाचित," धाकटी म्हणाली. आपला आवाज चढलाय हे तिचं तिलाच ऐकू आलं. "पण सोमवारची ती जागा माझ्या नावाने धरून ठेवू नकोस. ती आहे तोवर मी निम्माच श्वास घेणार. माझं मलाच कळतंय ते."

धाकटीने ट्रम्पेट पुन्हा ओठांना लावला. आता थांबले तर उद्याही थांबेन, एवढंच तिला कळत होतं. तिने वाजवायला सुरुवात केली. या वेळी वारा पोटातून आला आणि सूर भिंतीवर आपटून घरभर झाला.

ताई वळली. खोलीत जाऊन पडेल, दार आपटेल, असं धाकटीला वाटलं. ताईने टेबलावरचा फोन उचलला.

"साहेब, धाकटीबद्दल बोलायचं होतं," ताई नेहमीच्या आवाजात म्हणाली. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "धाकटीबद्दल म्हटलं. तिच्या जागी दुसरं कुणी बघा." पुन्हा काहीतरी विचारलं गेलं. सवयीने ताईचा आवाज आणखी खाली गेला, आणि ट्रम्पेटखाली पार बुडाला.

धाकटीने ट्रम्पेट खाली घ्यायला हात सैल केला. ताईने तिच्याकडे बघून तळहात जोरात हलवला: वाजव, वाजव.

मग ताईने दुसऱ्या कानात बोट घातलं, छाती भरून श्वास घेतला, आणि खालच्या मजल्यावर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "ती येणार नाही म्हणतेय मी! वाजवतेय ती, ऐकू येत नाही का तुम्हाला?"