चौथा आकडा

रुग्णवाहिकांच्या त्या गॅरेजात फिटरने एकतीस वर्षं टायर चढवले होते. त्याची लेक तिथेच तपासनीस म्हणून रुजू झाली, त्याला जेमतेम नऊ दिवस झाले होते. कामावर तो तिला ‘मॅडम’ म्हणायचा. पहिल्या दिवशी तशी हाक मारताना त्याला हसू आवरलं नव्हतं.

त्या सकाळी नव्या टायरांचा ढीग येऊन पडला. फिटरने सवयीने एका टायरच्या कडेवर नजर टाकली. २१५, ७०, १५. रुंदी बरोबर, उंचीचं प्रमाण बरोबर, रिमही पंधरा इंची. दोन टायर चढवून तो तिसऱ्याला हात घालणार, एवढ्यात लेक त्या टायरपाशी उकिडवी बसली. फडक्याने तिने कड पुसली आणि पुढचे आकडे वाचले.

“थांबा. हे टायर चालणार नाहीत.”

मॅनेजर केबिनमधून बाहेर आले. “का? साइज तर तीच आहे.”

“साइज तीच, पण हा चौथा आकडा बघा, साहेब. जुन्या टायरवर १०९ आहे, यावर ९८. हा वजनाचा संकेत आहे, ९८ म्हणजे एक टायर जास्तीत जास्त साडेसातशे किलो पेलणार. चार मिळून तीन हजार. आपली गाडी पेशंट, सिलिंडर, माणसं धरून तेहतीसशेला जाते. हे टायर साध्या मोटारीचे आहेत.”

“मॅडम, तुम्ही येऊन नऊ दिवस झालेत,” मॅनेजर हसून म्हणाले आणि फिटरकडे वळले. “तुम्हीच समजवा हो लेकीला. इतकी वर्षं झाली, कधी बघितलात हा आकडा?”

वेल्डरने हातातलं काम थांबवलं. फिटरच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ‘त्याने काही फरक पडत नाही,’ एवढं म्हटलं असतं तरी त्याची लाज राहिली असती. त्याने लेकीकडे पाहिलं. ती मदतीसाठी त्याच्याकडे बघतच नव्हती. शांतपणे दुसऱ्या टायरचा आकडा वहीत उतरवत होती. तिला कुणाच्या होकाराची गरज नव्हती. ते पाहून फिटरचा ऊर असा भरून आला की लाज कुठल्या कुठे गेली.

“नाही बघितला, साहेब,” तो मोठ्याने म्हणाला. “एकदाही नाही. पहिले तीन जुळले की मी पाना उचलायचो. आजवर माल बरोबर येत गेला म्हणून निभावलं, त्यात माझी हुशारी काही नाही. मॅडमचं बरोबर आहे. चुकीचे दोन मी चढवलेत, मीच उतरवतो.”

मॅनेजरांनी टायरवाल्याला फोन लावला. तो हुज्जत घालू लागला, तसा त्यांनी फोन सरळ लेकीच्या हातात दिला. दोन मिनिटांत माल बदलून द्यायचं ठरलं.

फिटरने जॅक लावला.

“काय राव,” वेल्डर शेजारी येऊन पुटपुटला, “पोरीने भर गॅरेजात तुम्हाला तोंडावर पाडलं की!”

“पाडलं ना!” नट सोडवता सोडवता फिटर म्हणाला. त्याचा चेहरा नुसता फुलला होता. “अरे, साहेबसुद्धा पडले!”