खंडेनवमीच्या पाटावरची टॉर्च

मित्रांनो, मी जुनी आहे हे कबूल. पण मला भंगार म्हणाल तर ऐकून घेणार नाही. मी पाण्याखाली चालणारी टॉर्च आहे.

विश्रांतवाडीच्या नम्रताने मला घेतलं. ती आयटीत. कंपनीने तिला सहा महिने मलेशियाला पाठवलं, तिथे ती डायव्हिंग शिकली. एकदा समुद्रात साठ फूट खाली, तळाच्या वाळूत काहीतरी तपकिरी हललं. सगळे पुढे गेले. इतक्या खोल लाल-पिवळे रंग दिसेनासे होतात, उजेड सोबत न्यावा लागतो. नम्रताने मला तिकडे वळवलं आणि त्या तपकिरी अंगावर जांभळे, पिवळे, लाल पट्टे सरसर धावू लागले. ती बोटभर कटलफिश होती, कोकणातल्या म्हाकुळीची बहीण. पुढे गेलेल्या प्रशिक्षकाने मागे वळून, हात लावू नका, असं खुणेने सांगितलं; तिचं मांस विषारी असतं. ती मात्र पळाली नाही. आमच्यासमोरून ऐटीत चालत गेली. मला ती फार आवडली.

मग आम्ही पुण्यात परतलो. तेव्हा रोज संध्याकाळी वीज जायची. अकोल्याहून राहायला आलेल्या बाबांनी, हिंमतरावांनी, मला कोरड्या तांब्यात उभी करून दोन तास पेटती ठेवली. मला थंड ठेवायला भोवती पाणी लागतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मी तापले आणि काच तडकली. बाबा म्हणाले, बरं झालं, आता पोरीचा हा नाद सुटेल. मला माळ्यावर टाकलं. मला भयंकर राग आला.

खंडेनवमीला बाबांनी पाटावर लॅपटॉप, स्कूटरची किल्ली, शिवणकामाची कात्री मांडली. नम्रताने माळ्यावरून मला काढून शेजारी ठेवलं.

"हे खेळणं कशाला पूजेत?" बाबांनी विचारलं.

"खेळणं नाही, बाबा. काच तुमच्या हातून गेली, ती मी बदलून घेईन. पण समुद्रात मी परत जाणार."

बाबांनी मला उचलून बाजूला ठेवलं. तेव्हा आई, यमुनाबाई, स्वयंपाकघरातून आल्या. त्यांनी मला पुन्हा पाटावर ठेवलं, तडकलेल्या काचेच्या कडेला हळदकुंकू लावलं आणि झेंडूचं फूल वाहिलं.

मित्रांनो, वस्तू वापरण्याआधी ती कशासाठी घडवली आहे, एवढं तरी विचारत जा. आणि माझी कीव करू नका. मला नवी काच बसवा आणि पाण्यात सोडा.