मिकोनने पाणी धरायला सांगितले नाही

मित्रांनो, मी एक जुने मडके आहे. बुडाशी भोक असलेले मडके कोणी घरी नेत नाही, पण माझे भोक मुद्दाम पाडलेले आहे. अथेन्सच्या न्यायालयात मी वेळ मोजत असे. माझ्यातले पाणी संपले, की बोलणाऱ्याची पाळी संपली.

मला मिकोन कुंभाराने चाकावर घडवले. भोकातली काशाची नळी त्याच्या मुलाने, दमिप्पोसने, घासून बसवली. बारा वेळा पाणी भरून त्याने मला तपासले. बाराही वेळा मी सारख्याच वेळात रिकामे झाले.

"बाबा, हे मडकं कुणाची भीड ठेवणार नाही," तो हसून म्हणाला. ती शाबासकी मी नऊ वर्षे मिरवली.

मग मिकोन फिर्यादी होऊन माझ्यासमोर उभा राहिला. फिलाग्रोस नावाच्या तेलवाल्याने दमिप्पोसला आपल्या घरात, आपल्या बायकोजवळ पकडून ठार मारले होते. अशा वेळी नवऱ्याने मारले तर तो खून धरत नसत. मात्र त्या माणसाला फसवून घरात बोलावले असेल, तर तो खूनच.

फिलाग्रोस शांतपणे बोलला. त्याने भाषण पाठ केले होते.

"पाणी धर रे बाबा. आता कायदा वाचा."

माझ्याजवळ बसलेल्या, पाणी भरणाऱ्या पाणक्याने माझ्या नळीवर बोट दाबले. कायदा वाचून झाला, तरी एक थेंब गेला नाही. कायदा किंवा साक्ष चालू असताना पाणी धरत, पण तसे बोलणाऱ्याने सांगावे लागे. मिकोनला माझे माप तोंडपाठ होते. ही रीत मात्र त्याला ठाऊक नव्हती.

त्याची पहिली पाळी रडण्यातच गेली होती. दुसरी शेवटची होती. तीही अर्धी संपली, तरी तो हुंदकेच देत होता.

"मिकोनबाबा, बोला की!" एक पंच ओरडला. "चिखल भिजवायचाय का इथं?"

"माझ्या पोराचं चुकलं," मिकोन कसाबसा म्हणाला. "पण त्या दुपारी त्याला बोलावून नेलं हो! हा तिमेआस चांभार, यानं पाहिलंय. ये, सांग."

पाणक्याचे बोट नळीपाशी तयार होते. तो मिकोनकडे पाहत राहिला. ‘पाणी धर’ असे मिकोन म्हणाला नाही.

मित्रांनो, पाणी उतरले की माझी धार मंदावते. शेवटचे चार बोटे पाणी सगळ्यात सावकाश जाते. तेवढीच माझी माया. एखादा खडा, शेवाळाचा एखादा धागा नळीत अडकावा, म्हणून मी तळमळत होते.

"त्या दिवशी मी बैलाचं कातडं भिजत घातलेलं," तिमेआस सांगू लागला. "म्हणजे काळ्या बैलाचं नव्हे, दुसरं..."

"अरे, कातडं मरू दे!" मिकोन किंचाळला.

"हां. तर फिलाग्रोसची दासी यांच्या भट्टीवर आली. दमिप्पोसला म्हणाली, मालक गावाला गेलेत, चला. आणि तिच्यामागं, भिंतीआड उभा होता तो..."

"पाणी संपलं!" पाणक्या ओरडला.

"नाव घेऊ द्या! एकच नाव!" मिकोन विनवू लागला.

"खाली उतरा, बाबा."

फिलाग्रोस शेवटच्या पाळीला उठला. "भिंतीआड होय? कुंभारवाड्यात भिंतीआड रोज शंभर जण उभे असतात," तो म्हणाला. पंच हसले. त्यांनी त्याला निर्दोष सोडले.

सगळे गेल्यावर मिकोन माझ्याजवळ आला. त्याने माझ्या नळीवर बोट ठेवले. आता आत पाणी नव्हते.

"पोरा," तो म्हणाला, "एवढी नेमकी कशाला घासलीस रे?"

पुढे माझ्या जागी नवे मडके आले. माझी नळी कोणीतरी काढून नेली. मी न्यायालयामागे कलंडलेले असते आणि माझ्यात पाल राहते. मला उचलून ठेवा, असे मी म्हणत नाही. पण मित्रांनो, तुमच्यासमोर कोणी रडत काही सांगू लागला आणि त्याला रीत ठाऊक नसली, तर त्याच्या तोंडाकडे पाहत बसू नका. बोट तुमचे असते. ते नळीवर ठेवा.